एफ रांग, चौदा आणि पंधरा

कर्लिंग या बर्फावरच्या खेळाच्या क्लबातला नाश्ता नऊचा होता, पण अलीर मॅझरोल साडेसहालाच दाराशी पोचला. रात्रभर डोळ्याला डोळा लागला नव्हता. त्याला त्या फोटोपाशी पाच मिनिटं एकट्याला हवी होती. फक्त पाच. दार ढकललं तर आत दिवे लागलेले, आणि व्हर्नाबाई किलब्राइड टाचण्यांची डबी हातात घेऊन उभ्या.

"तू? इतक्या सकाळी?" व्हर्नाबाईंनी चष्मा वर केला. "बायकोनं घराबाहेर काढलं की काय?"

"म्हटलं, फोटो टांगायला मदत करावी."

"इतक्या वर्षांत एक खुर्ची हलवली नाहीस, आणि आज मदत! बरं, धर ते टोक."

व्हर्नाबाई ऐंशीच्या पुढच्या. लॉगर्स हा आइस हॉकीचा संघ इथे पोर्ट मॅलेटमध्ये होता तोवर तिकिटाची खिडकी त्यांचीच. संघ जाऊन तीस वर्षं झाली. मालकाला दक्षिणेतल्या कुठल्याशा शहरानं नवं स्टेडियम देऊ केलं आणि तो संघ, शिट्ट्या, नाव सगळं घेऊन निघून गेला. जिथे बर्फ नीट पडतसुद्धा नाही अशा गावाला हॉकी हवी, हा विनोदच म्हणायचा. आपल्या जुन्या स्टेडियमला सगळे 'गोठा' म्हणायचे. त्या गोठ्यात आता गाद्यांचं दुकान आहे. राहिली आहेत ती माणसं. दर एप्रिलमध्ये एका रविवारी जमतात, घेवड्याच्या उकडलेल्या बिया आणि काकवीचा पाव खातात आणि जुन्या संघाच्या आठवणींनी हॉल दणाणून सोडतात. आधी दीडशे असायचे, यंदा चाळीस झाले तरी पुष्कळ.

आणि नाश्ता झाला की अलीर खुर्चीवर चढायचा. तो चौऱ्याऐंशी सालचा शेवटचा गोल सांगायचा. अंतिम सामना, शेवटची चार मिनिटं, लॉगर्स एक विरुद्ध तीननं मागे, आणि मग चार मिनिटांत तीन गोल. तिसरा क्लोव्हिस अर्बोचा; पक, म्हणजे या खेळातली रबरी चकती, जाळ्यात गेला तेव्हा घड्याळात नऊ सेकंद उरली होती. गोठ्यात जागा होत्या अडतीसशे. 'त्या रात्री मी तिथे होतो' म्हणणारे या जिल्ह्यात वीस हजार तरी निघतील; त्यातले काही तर तेव्हा जन्मलेही नव्हते. पण अलीरसारखा तो गोल कुणी सांगत नसे. ऐकताना म्हाताऱ्यांच्या डोळ्यांत पाणी यायचं.

अलीरनं तो गोल पाहिलेला नव्हता.

तीन-एक झाल्यावर तोच वैतागून उठला होता. चोवीस वर्षांचा होता, डोकं तापट. कागद गिरणीत सकाळी सहाची पाळी, नदीवर पूल एकच, आणि सामना सुटला की त्या पुलावर तासभर गाड्या अडकायच्या. "पापा, चला. झालं यांचं. नुसती लाज काढतायत," असं तो म्हणाला. वडिलांचा, ओनेझिम मॅझरोलचा, गुडघा गिरणीत गेलेला. ते म्हणाले, "तू हो पुढे, गाडी मागच्या दाराशी आण. मी सावकाश उतरतो." अलीरनं गाडी आणली, काचा वर केल्या, हीटर लावला. रेडिओची तार हिवाळ्यात मोडलेली होती. थोड्या वेळानं पापा आले, शेजारी बसले, धापा टाकत होते.

"काय झालं आत?"

"काय माहीत. मी जिन्यावरच होतो. जिंकले असावेत, लोक ओरडत होते."

पापांनी गाडीचं दार ओढून घेतलं. मग पापा म्हणाले, "हे बघ, कुणाला सांगायचं नाही. विचारलं तर दोघंही होतो म्हणायचं. आपली चौदा आणि पंधरा नंबरची खुर्ची, एफ रांग. होतो की नव्हतो आपण?"

बस, तिथून सुरुवात. पुढे गिरणीत, बारमध्ये, चर्चच्या पायऱ्यांवर कुणी त्या गोलाबद्दल विचारलं की पापा म्हणायचे, "माझ्या पोराला विचारा, तो छान सांगतो." आणि अलीर सांगायचा. वर्तमानपत्रात वाचलेलं, ऐकलेलं, थोडं मनचं. पापांच्या दफनाच्या दिवशीसुद्धा त्यानं तोच गोल सांगितला होता. म्हणाला होता, माझे वडील आयुष्यात एकदाच आनंदानं रडले, आणि मी शेजारी होतो. सगळं चर्च रडलं. अलीरही रडला, पण वेगळ्याच कारणासाठी: जन्मभर ज्या संघासाठी त्या माणसानं घसा फोडला, त्याचा एकमेव सुवर्णक्षण आपल्या उतावळेपणापायी हुकला. हे त्याला आतून खात होतं, आणि त्यावर इलाज नव्हता.

आणि आता हा फोटो. गावचं वर्तमानपत्र हिवाळ्यात बंद पडलं, त्यांच्या जुन्या निगेटिव्हची खोकी व्हर्नाबाईंकडे आली. त्यात हा एक निघाला, छताखालच्या मचाणावरून काढलेला. क्लोव्हिस अर्बो बर्फावर गुडघ्यांवर, वर घड्याळात नऊ, आणि मागे पूर्वेकडचा सगळा सज्जा, एकेक चेहरा ओळखू येईल असा. व्हर्नाबाईंनी तो बारा फूट लांब छापून घेतला. यंदाचा खेळ असा ठरला होता की प्रत्येकानं आपली खुर्ची शोधायची आणि तिथे आपल्या नावाची टाचणी लावायची. खोटं बोलायला वाव नाही, कारण हंगामभराच्या तिकिटांचे सगळे नंबर बाईंच्या डोक्यात.

म्हणजे आज चाळीस माणसांसमोर भिंगाखाली दोन रिकाम्या खुर्च्या निघणार. आपली लाज जाईल ती जाईल. पण मेलेल्या माणसाला आज पळपुटा ठरवायचं?

"इकडे खांबाच्या बाजूला घेऊ या," अलीर म्हणाला.

"खांबाआड कशाला? अर्धा सज्जा झाकला जाईल."

"उजेड पडतो खिडकीतून. चकाकतं."

"पडू दे. उजेडातच बघायचाय." व्हर्नाबाईंनी त्याच्याकडे टक लावून बघितलं. "तुला बरं नाही का रे? कधीचा हात चोळतोयस."

मग त्याला एकटं असं राहताच आलं नाही. बाई तिथून हलेनात. स्वयंपाकघरात बियांची पातेली चढली तरी खुर्ची ओढून फोटोपाशीच बसल्या. अलीर बाहेर गेला, आत आला, पुन्हा बाहेर गेला. गाडीत बसून निघून जावं असंही वाटलं. किल्ली लावली आणि काढली. एकदा असाच निघालो होतो, तेवढं पुरे झालं, असं त्याच्या मनात आलं, आणि तो पुन्हा आत आला.

नऊपर्यंत हॉल भरला. सगळ्यांच्या अंगात लॉगर्सचे जुने हिरवे सदरे, आता पोटावर ताणलेले. हॉलिस क्रँडल आला तोच ओरडत. हॉलिस म्हणजे अलीरचा गिरणीतला जोडीदार, पुढचे दोन दात हॉकीतच गेलेले.

"कुठाय माझी खुर्ची? जी रांग, तेवीस! भिंग आणा!"

"मधे जाऊ नकोस, आधी नंबर लाव," व्हर्नाबाईंनी दटावलं.

हॉलिस सापडला. पण बर्फाकडे पाठ करून, मागच्याशी भांडताना. हॉल खदखदून हसला.

"एकोणचाळीस वर्षं सांगतोयस, गोल डोळ्यांनी पाहिला म्हणून!"

"पाहिलाच! लगेच वळलो ना!" हॉलिस लाल झाला. "त्या गाढवानं माझ्या मानेवर बिअर सांडली होती. फोटोवाल्यालाही हाच क्षण मिळाला, मेल्याला!"

एकेकजण सापडत होता. मेलेल्यांच्या टाचण्या त्यांच्या बायकामुलांनी लावल्या. अलीर पाव घेऊन मागे उभा होता. कुणी हाक मारण्याआधी स्वयंपाकघरात सटकावं म्हणून तो निघाला, तेवढ्यात व्हर्नाबाईंचा आवाज आला.

"मॅझरोल! एफ, चौदा आणि पंधरा. ये, ह्या घे तुमच्या टाचण्या."

"नंतर बघू."

"नंतर कशाला? तूच तर आमचा मुख्य साक्षीदार!" हॉलिसनं त्याला दंड धरून पुढे ओढलं. "चल, तुझ्या म्हाताऱ्याला बघू या."

भिंग हातात आलं. सहावी रांग, डावीकडून एक, दोन, तीन… बारा, तेरा.

पंधरा रिकामी होती. चौदावर पापा उभे होते.

दोन्ही हात वर, टोपी कुठे गेली पत्ता नाही, तोंड वासलेलं. गुडघा मोडलेला माणूस खुर्चीवर चढून उभा होता. अलीरनं भिंग डोळ्यांवरून काढलं, पुसलं, पुन्हा लावलं. पापाच होते. वर घड्याळात नऊ.

म्हणजे ते जिन्यावर नव्हते. म्हणजे त्यांनी पाहिला होता.

अलीरच्या डोक्यात आता दुसरंच चक्र फिरायला लागलं. त्या रात्री मागच्या दारातून सगळ्यांत आधी पापा बाहेर आले होते, एकटे. बाकीचे कितीतरी उशिरा आले. आत तेव्हा चषक दिला जात होता. बावीस पायऱ्या होत्या त्या जिन्याला, आणि गुडघा तसला. ज्या चषकाची अठरा वर्षं वाट बघितली तो उचललेला न बघता हा माणूस त्या पायऱ्या उतरत आला होता. का, तर गाडीत बसलेल्या पोराला वाटू नये की आपण एकट्यानंच गमावलं. आणि पुढे मरेपर्यंत, एकोणीस वर्षं, एकदाही बोलला नाही. शेजारी बसून आपल्या पोराच्या तोंडून तोच गोल ऐकत राहिला, चुकीचा, आणि मान डोलवत राहिला.

"वा, ओनेझिम!" हॉलिस भिंगातून डोकावत ओरडला. "बघा रे, म्हातारा खुर्चीवर! आणि तू कुठायस? वाकलेला दिसतोयस. टोपी शोधत असशील, नाही? लाव इथेच, चालतंय."

सुटायची वाट आयती समोर होती. नुसतं 'हो' म्हणायचं होतं.

अलीरनं वडिलांची टाचणी चौदावर लावली. मग स्वतःची घेतली, फोटोच्या कडेपर्यंत गेला, कड ओलांडून आणखी हातभर पुढे गेला आणि कोऱ्या भिंतीत ती दाबली.

"हे काय?"

"गाड्या लावायची जागा इकडे होती. मी तिथे होतो. तीन-एक झाल्यावर उठून गेलो. मी तो गोल पाहिलेलाच नाही."

व्हर्नाबाईंनी डबीचं झाकण लावलं. मागून एक बाई म्हणाली, "अगं बाई, आणि ते दफनाच्या दिवशी…" आणि तिनं आपलं तोंड आपणच दाबलं.

"लेका," हॉलिस म्हणाला, "थट्टा करतोस?"

"नाही. मला वाटायचं आम्ही दोघं हुकलो. ते म्हणाले होते तसं. खोटं बोलले माझ्याशी." अलीर त्याच्याकडे वळला. "हॉलिस, त्यांनी काय पाहिलं ते सांग मला. तू होतास. त्यांच्या मागच्याच रांगेत होतास."

"आता?"

"आत्ता सांग."

हॉलिस गांगरला. मग इतकी वर्षं अलीर चढायचा त्या खुर्चीला धरून त्यानं घसा खाकरला. "अर्बोनं डाव्या बाजूनं पक घेतला. बचाववाला त्याच्या अंगावर आला. अर्बो पडला, पडतापडता मारला. पक गोलच्या खांबाला लागला, आणि एक क्षण रेषेवरच थांबला, गोठ्यातला प्रत्येक माणूस श्वास घ्यायचा विसरला, आणि मग—"

"थांब."

"का?"

"ते खांबाचं माझं आहे. रेषेवर थांबल्याचंही. सामन्याच्या पुढच्या वर्षी मीच बारमध्ये रचलं होतं. श्वासाचं तर मी दोन हजार सालानंतर घातलंय." अलीर त्याच्या अगदी जवळ गेला. "माझं वगळून सांग."

हॉलिसनं डोकं खाजवलं. बाकीच्यांकडे बघितलं, तर सगळे आपापल्या बशीत बघत होते. चाळीस माणसं होती, आणि त्यातली निम्मी त्या रात्री खरंच सज्ज्यात होती.

"माझ्याकडे एवढंच आहे रे," तो शेवटी म्हणाला. "तू इतकं छान सांगायचास की… माझं मला आठवायची गरजच पडली नाही."

अलीर पुन्हा फोटोकडे वळला. पापांची नजर खाली डावीकडे होती. त्या नजरेच्या रेषेत त्यानं भिंग सरकवत नेलं, बर्फावरून, खेळाडूंच्या पायांमधून. पक कुठेच दिसत नव्हता. गर्दीत झाकला गेला होता.

"आवाज मात्र आठवतो," हॉलिस मागून अजिजीनं म्हणाला. "तो माझा स्वतःचा आहे. छताचे पत्रे वाजत होते, अलीर. तो तर तूही ऐकला असशील, बाहेर."

"ऐकला होता," अलीर म्हणाला. "काचा वर होत्या तरी ऐकला. मला वाटलं, लोक शिव्या घालतायत. म्हटलं, बरं झालं निघालो, आणि गाडी आणखी थोडी दाराजवळ घेतली. पापांना कमी चालावं लागेल म्हणून."