नेनिताचं आंबट कढण

दुबईच्या रशिदियातल्या एका व्हिलात मैमुनाबी सकाळी स्वयंपाकाला यायची आणि चारला घरी जायची. मोलकरीण नेनिता मात्र चोवीस तास तिथंच. ही फिलिपिनो पोर दोन वर्षांत एकटी कधी गेटबाहेर पडली नव्हती. तिचा पासपोर्ट घरमालक उपेंद्रसाहेबांच्या कपाटात होता.

नेनिता मैमुनाबीला "आते" म्हणायची. त्यांच्यात आते म्हणजे थोरली बहीण. भांडी घासताना तिचं एकच पालुपद: चिंच घालून उकळलेलं माशाचं आंबट कढण, सिनिगांग, आणि सोबत तळलेला सुका मासा.

"आते, मैं सपने में भी वही खाती."

साहेबांच्या बायकोच्या, कुंदामॅडमच्या घरात मासळीचं नाव काढायची सोय नव्हती. तरी सत्त्याण्णवच्या ऑगस्टात, मॅडम अबुधाबीला गेलेल्या दुपारी, मैमुनाबीनं दाभोळहून आलेली सुकी तारली पिशवीत लपवून आणली. चिंच कोळली, कढण उकळलं. पहिल्याच घोटाला नेनिता रडायला लागली.

आणि मॅडम लवकर परतल्या.  स्वयंपाकघराच्या दारात उभ्या राहिल्या.

"मासा मी आणला, मॅडम."

"तुम्ही घरी जा, मैमुनाबी."

दुसऱ्या दिवशी नेनिता नव्हती.

"एजन्सीला परत पाठवली सकाळी. खलास," मॅडम म्हणाल्या.

पण मागच्या दाराशी तिच्या चपला तशाच होत्या. अनवाणी पोर एजन्सीला कशी जाईल?  मैमुनाबीनं रास अल खोरला साहेबांच्याच गॅरेजात काम करणाऱ्या नवऱ्याला फोन लावला.

"तोंड मिटून राहा," यूनुस म्हणाला. "आपल्या दोघांचा व्हिसा साहेबांच्या हातात आहे."

बाराच्या उन्हात ती कपडे वाळत घालायला गच्चीवर गेली. पाण्याच्या टाकीजवळच्या पत्र्याच्या खोलीला नवं कुलूप होतं. तिनं दाराला कान लावला, तर कान भाजला. आतून पुटपुटल्यासारखं आलं, "आते..."

ती धावत खाली गेली, पितळी बत्ता घेऊन आली. तिसऱ्या घावाला कुलूप तुटलं. नेनिता कोपऱ्यात पडली होती, ओठ फुटलेले, डोळे अर्धे मिटलेले.

मागं मॅडम येऊन उभ्या होत्या. "संध्याकाळी सोडणारच होते मी. धडा नको शिकायला?"

 मैमुनाबीनं पोरीला पाणी पाजलं, खांद्यावर घेतलं, आणि खाली येऊन पुन्हा नवऱ्याला फोन केला. या खेपेला यूनुस पिकअप घेऊन आला. दोघांनी तिला तिच्या देशाच्या वकिलातीत पोचवलं. दोन महिन्यांनी वकिलातीनं साहेबांकडून तिचा पासपोर्ट सोडवला आणि ती घरी गेली.

यूनुस-मैमुनाबीचा व्हिसा मात्र आठवड्यातच रद्द झाला. गावी निघण्याआधी मैमुनाबी आपला चष्मा आणायला त्या गेटाशी गेली. दार नव्या फिलिपिनो मुलीनं उघडलं. विशीची, हसरी.

"मॅडम बहुत अच्छी," ती म्हणाली.

जिन्यावरून कुंदामॅडम पाहत होत्या. मैमुनाबीनं चष्मा घेतला, आणि वकिलातीचा नंबर लिहिलेली चिठ्ठी त्या मुलीच्या मुठीत दाबली.