फाटकावर टिकटिकलेला डबा

मी एक जुना, तीन पुडांचा ॲल्युमिनियमचा डबा आहे, आणि मित्रांनो, आधीच सांगून ठेवतो, माझा कोणावर चटकन विश्वास बसत नाही. तुमच्यावरही नाही. ज्याचं झाकण रोज सकाळ-संध्याकाळ परका माणूस उघडतो आणि आत नाक खुपसतो, तो संशयी होणार नाही तर काय होईल?

फिलिपिन्समधल्या सान रोके गावच्या बाजारात एका पत्रेवाल्याने मला ठोकून घडवलं. माझी कडी त्याने जरा वाकडीच बसवली. मुद्दाम बसवली, असा माझा आजही संशय आहे. आलिंग पेतांगने, म्हणजे तुमच्या भाषेत पेतांगबाईने, घासाघीस करून मला विकत घेतलं. ती गावाशेजारच्या अमेरिकन हवाई तळावर एका सार्जंटची मुलगी सांभाळायला जायची. फाटकातून आत शिरायला तिच्याकडे एक पास होता आणि त्या पासावरच तिच्या घरची चूल पेटायची. तळावरची वस्तू बाहेर नेताना कोणी सापडलं, की पास जप्त व्हायचा. मग त्या माणसाला तळावर कुठेच काम मिळत नसे.

मुलीचं नाव कोरिन. ती पेतांगला ‘याया’, म्हणजे दाई, म्हणायची. तिच्या आईला सुक्या मासळीचा वास सोसत नसे, म्हणून पेतांग मागच्या पायरीवर बसून जेवायची. कोरिनही तिथेच येऊन बसायची आणि माझ्या भातात बोटं घालायची. फुकट लाडीगोडी करणाऱ्या पोरांची मला शंका येते. हिचा डोळा माझ्या खालच्या पुडावर होता. तिथे तिच्यासाठी सुमान असायचे, नारळाच्या दुधात शिजवून केळीच्या पानात गुंडाळलेले चिकट भाताचे लांबट उंडे.

एकदा सुमान फस्त करून तिने मला तसाच पुढे सरकवला. पेतांगने डोळे वटारले.

“दुसऱ्याचं भांडं रिकामं परत करतात का, पोरी? आमच्यात फार वाईट दिसतं ते. काही नसेल तर अंगणातलं एक लिंबू तरी ठेवायचं.”

त्या दिवसापासून माझ्या पोटात रोज काहीतरी पडू लागलं. कधी फूल, कधी शिंपला, कधी नुसती पानं. फाटकावरचा पहारेकरी मांग दोरो, म्हणजे दोरोकाका, आमच्याच गावचा होता. झाकण उघडून तो हसायचा.

“काय हो आलिंग पेतांग, आज पाल्याची भाजी का?”

“तुमच्यासाठीच आणलीय, मांग दोरो. घरी बायको जेवायला घालत नाही ना?”

ते माझे सुखाचे दिवस होते. तेव्हा मात्र मला ते कळलं नाही, कारण पुढे काय वाढून ठेवलंय याच विचारात मी असायचो.

मग देशात निवडणूक झाली. मतं चोरली, असं जो तो म्हणू लागला. राजधानीचे रस्ते माणसांनी भरले, लोक पिवळ्या फिती बांधून फिरू लागले. तळावर मुलांच्या शाळेच्या बसमध्ये बंदूकवाला शिपाई बसू लागला. कोरिनला अंगणाबाहेर खेळायची बंदी झाली. घराघरात दाराशी भरलेल्या बॅगा दिसू लागल्या. “बाहेरच्या कोणावर विश्वास ठेवायचा नाही,” असं सार्जंटने घरात बजावलं. विचार माझाच होता, पण त्याच्या तोंडून ऐकताना मला तो आवडला नाही.

त्यातच पेतांगला उशीर होऊ लागला.

“कुठे होतीस? मोर्चात?” कोरिनच्या आईने विचारलं.

“नाही हो मॅडम. आमचा कोंबडा म्हातारा झालाय. लहर लागेल तेव्हा आरवतो.”

बाईला ते पटलं नाही. तिने पेतांगची पिशवी चाचपली. दाराआडून कोरिन सगळं पाहत होती.

त्या संध्याकाळी फाटकावर भली मोठी रांग होती. पेतांगने मला पुढे ठेवलं, आणि माझ्या पोटातून आवाज येऊ लागला. टिक टिक, टिक टिक. क्षणात रांग मोडली. एक कोवळा अमेरिकन शिपाई बंदूक रोखून ओरडला. पेतांगने दोन्ही हात वर केले. मित्रांनो, जन्मभर मी जगावर संशय घेतला, पण त्या दिवशी मला माझ्याच पोटाचा संशय आला.

“आलिंग पेतांग, खरं सांगा, आत काय आहे?” मांग दोरोने विचारलं.

“देवाशपथ, मी धुऊन ठेवलेला डबा तसाच उचलला.”

त्याने श्वास रोखून माझी वाकडी कडी काढली. आत एक निळं गजराचं घड्याळ होतं आणि शेजारी कॉफीची बाटली.

भ्यायलेल्या माणसांना भीती उतरली की राग येतो. सार्जंटला बोलावलं. घड्याळ त्याने लगेच ओळखलं. तेवढ्यात त्याच्यामागून आलेल्या आईचा हात सोडून कोरिन धावत आली.

“मी ठेवलं! यायाचा कोंबडा नीट आरवत नाही, आणि कॉफीने झोप उडते. आणि डबा रिकामा द्यायचा नसतो!”

आईने पेतांगकडे पाहिलं. “हे तिला कोणी शिकवलं?”

‘मला काय माहीत’ म्हणून पेतांगला सुटता आलं असतं.

“मी शिकवलं, मॅडम,” ती म्हणाली.

तिचा पास तिथेच काढून घेतला. घड्याळ आणि कॉफी सार्जंटच्या घरी गेली, मी पहारेकऱ्यांच्या खोलीत पडून राहिलो. पुढे सरकार पडलं आणि राजधानीतून पळालेले काही बडे लोक हेलिकॉप्टरमधून तळावर उतरले. त्यांच्या पेट्या कोणी उघडून पाहिल्या का? मला शंका आहे.

गडबड निवळल्यावर मांग दोरो मला पेतांगच्या घरी घेऊन आला. तो खाली मान घालून उभा होता. माझ्यात त्याने ठेवलेली दोन खारवलेली अंडी होती. ती पाहून पेतांग आधी हसली आणि मग पदर नसलेल्या त्या बाईने हाताच्या पाठीने डोळे पुसले. कोरिन मायदेशी निघाल्याचं तिला त्याच्याकडूनच कळलं. तिने सुमान शिजवले, माझी तिन्ही पुडं भरली आणि मला त्याच्याच हाती दिलं.

“अहो, डबा कायमचा जाईल,” मांग दोरो म्हणाला.

“ती परत देईल. आणि रिकामा नाही देणार.”

मी मनात म्हटलं, बघू या.

त्याला आता किती वर्षं लोटली! अमेरिकेतल्या एका थंड गावात, कोरिनच्या स्वयंपाकघरात मी फळीवर बसून आहे. कोरिनचे केस पिकले. ती मला खाली काढते, पुसते, आत पाहते आणि पुन्हा वर ठेवते. ज्या बाईची नोकरी आपल्यापायी गेली, तिच्या डब्यात काय भरायचं, हे तिला सुचत नाही. आणि रिकामा तर देता येत नाही. ही बाई मला कधीच परत देणार नाही, असं मी धरून चाललो होतो.

मित्रांनो, तुमच्या घरीही कोणाचं तरी भांडं राहिलेलं असेल. शोभेल असं काही मिळेपर्यंत थांबू नका. अंगणातलं एक लिंबू ठेवा, पण ते भांडं देणाऱ्याचे हात आहेत तोवर पोहोचवा.

काल कोरिनने सान रोकेला फोन लावला. पेतांग थकली आहे, पण आहे. संध्याकाळी कोरिनने ते निळं घड्याळ शोधून काढलं, किल्ली दिली आणि रुमालात गुंडाळून माझ्या खालच्या पुडात ठेवलं. विमानाचं तिकीट टेबलावर आहे. वाटेत पुन्हा कोणीतरी माझं झाकण उघडणार, आत नाक खुपसणार, खुशाल खुपसू दे. माझं पोट पुन्हा टिकटिकतंय, आणि या वेळी मला त्याचा मुळीच संशय येत नाही.