गुडघाभर उंच फूटपाथ

साहेब, तुम्ही मला चालणाऱ्यांसाठी बांधलं म्हणता. खोटं आहे ते.

मित्रांनो, मी रायपूरच्या गुढियारीतला फूटपाथ. जुना. आधी मी साध्या फरश्यांचा होतो, रस्त्याहून चार बोटं उंच. कुठे खचलेला, कुठे फुटलेला. पण मालधक्क्यावर जाणारे हमाल, शाळेची पोरं, भाजीवाल्या बाया, सगळे माझ्यावरूनच जायचे. कौतुक कोणी केलं नाही. पायाखालच्याचं कोण करतं?

इथल्याच गल्लीतल्या म्हाताऱ्या पद्मिनीबाईंना लकवा झाला. पुन्हा चालायला त्या माझ्यावरच शिकल्या. एक हात भिंतीला, एक काठीला. रोज संध्याकाळी बुद्धविहारात वंदनेला एकट्या जायच्या. नात निधी हात धरायला आली की म्हणायच्या, "सोड वो पोट्टे. मी का काचेची बरणी आहे, फुटाले?"

मग परिसराच्या कायापालटाची योजना आली. मला उखडलं. खाली नाली, वर रंगीत टाइल्स, आणि मी गुडघाभर उंच. चढायला उतार एकच.

उद्घाटनाला तुम्ही आलात, साहेब. उतारासमोर तुमच्याच गाड्या उभ्या. तुम्हालाही चढता येईना. मग एकाने गाडीतून स्टूल काढलं. तुम्ही चढलात, चार पावलं चाललात, फोटो झाला, उतरलात. तो माणूस स्टूल उचलायला लागला, तेव्हा पद्मिनीबाई म्हणाल्या, "भैया, राहू दे ना ते. मलेबी चढाचं आहे."

"अम्मा, ये साहब का है."

"मंग फूटपाथ कोनाचा आहे?"

लोक हसले. तुम्हीही हसलात.

तुमच्या गाड्या गेल्या, तिथे दुसऱ्यांच्या लागल्या. पद्मिनीबाई रस्त्यावरून चालू लागल्या.

"दादी, साइड में चलो ना," निधी म्हणायची.

"साइड कोठी आहे वो? दाखव, जातो."

एका संध्याकाळी त्यांना मालाच्या पिकअपचा धक्का लागला. खुब्याचं हाड मोडलं. मी हातभर अंतरावर होतो, आणि रिकामा होतो.

आता त्या खाटेवर असतात. विहारात वंदना सुरू झाली की निधी खिडकी उघडते. त्या ऐकतात. लकव्याने नेलेलं चालणं त्यांनी हट्टाने परत आणलं होतं. ते तुम्ही नेलं.

मित्रांनो, उतारासमोर गाड्या लावू नका, एवढं मी तुम्हाला सांगू शकतो. पण माझी उंची तुम्ही ठरवली नाही. ज्यांनी ठरवली त्यांना विचारतो. नकाशा काढण्याआधी तुमच्यातलं कोणी एकदा तरी पद्मिनीबाईंबरोबर विहारापर्यंत चाललं होतं का? हो की नाही, तेवढंच सांगा.