चाकाशी बोलतात तसं

"हात आहेत की मुसळं?"

वडिलांना जाऊन वीस वर्षं झाली. तरी हातातून पाना निसटला की हा आवाज मला ऐकू येतो. सायकलीच्या कामात त्यांच्यासारखा हात दुसरा नव्हता, आणि माणसाला शब्दाने उभं सोलण्यातही नव्हता. आम्ही दोघी बहिणी त्या आवाजाखाली वाढलो. मी गप्प राहायला शिकले. ताई तोच आवाज काढायला शिकली.

दोन वर्षांपूर्वी, वडिलांच्याच सायकलीच्या दुकानात, जे आता आम्ही दोघी चालवतो, पाच-सहा गिऱ्हाइकं उभी असताना, तिने तो आपल्या लेकीवर काढला. लेकीला आम्ही भिंगरी म्हणतो. पायाला कधी जमीन लागली नाही पोरीच्या. त्या दिवशी ती एका चाकाचा आउट काढत होती. फिरताना चाक डुलायला लागलं की काही स्पोक आवळायचे, काही सैल करायचे आणि ते पुन्हा सरळ चालेल असं करायचं, हेच ते आउट काढणं. चाक काही सरळ होईना. डावीकडे आवळलं की उजवीकडे डुले, उजवीकडे आवळलं की वर उचले.

"हात आहेत की मुसळं?" ताई कडाडली. "चार वर्षं शिकतेस! जा, हवा भर नुसती, तेवढंच जमेल तुला."

भिंगरीने स्पोकची चावी स्टँडवर ठेवली, हात पुसले आणि निघून गेली. पुढच्या आठवड्यात शहराच्या दुसऱ्या टोकाला एका मोठ्या दुकानात कामाला लागली आणि तिकडेच मैत्रिणींबरोबर राहायला गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ताईने ते चाक हातात घेतलं. तासभर झटली. मग सगळे स्पोक काढले आणि नुसती रिम सपाट फरशीवर ठेवली. रिम डुगडुगली. जोडापाशी ती कधीच वाकलेली होती. देवाने स्वतः खाली उतरून चावी फिरवली असती तरी ते चाक सरळ झालं नसतं. ताईने मान वर केली. मला दिसलं होतं, आणि मला दिसलं हे तिलाही दिसलं. तिने रिम भंगारात टाकली आणि त्यावर अवाक्षर काढलं नाही. लेकीला कळवलं नाही. रोज संध्याकाळी फोन व्हायचा, "जेवलीस?" "जेवले." की संपला.

यानंतर माझ्या बहिणीने जे केलं, ते मी जवळून पाहिलं. म्हणून सांगते.

आमच्याकडे टपाल वाटणारी एक बाई सायकल घेऊन यायची. जिभेला हाड नाही, पण मन निर्मळ. एकदा तिच्या चाकाचा आउट काढताना ताई नेहमीसारखी पुटपुटत होती. चाकाशी बोलायची तिला सवयच आहे. "ये, ये माझ्या राजा. इकडे जरासा. दुखतंय का? बरं, सोडते. आता बघ कसा चाललास." तेवढ्यात आमच्या ब्रेककाकांच्या हातून नटांचा डबा सांडला. काका तीस वर्षं बस चालवून निवृत्त झालेले, भिंगरीच्या जागी मदतीला आलेले, आणि प्रत्येक कामात आधी थांबायचे, मग करायचे. ताई त्यांच्यावर जी बरसली, ती शेजारच्या दुकानापर्यंत ऐकू गेली.

टपालबाई म्हणाली, "काय हो, चाकाशी इतकं गोड बोलता, मग माणसांनी काय घोडं मारलंय?"

ताईने चाक पुन्हा फिरवलं. पण त्या दिवशी दुपारी तिने जेवणाचा डबा उघडला नाही.

दुसऱ्या दिवसापासून सुरू झालं. ठरवून, पाटी-पेन्सिल घेऊन बसल्यासारखं. राग आला की आधी नीट बघायचं, मग जे दिसतंय तेवढंच सांगायचं. पहिले काही दिवस तर ऐकणाऱ्याला भीतीच वाटावी. काकांनी पुन्हा नट सांडले, तेव्हा दात आवळून ती म्हणाली, "नट... खाली... पडलेत... राजा."

काका मला बाजूला घेऊन म्हणाले, "ताईंना ताप आहे का हो?"

पुष्कळदा चुकायची. जीभ वडिलांच्या वाटेवर इतकी रुळलेली की ढिली सोडली की तिकडेच जायची. मग तिने दुसरा नियम केला: आज कुणाला टाकून बोलले, तर आजच जाऊन सांगायचं की माझं चुकलं. एकदा एका गिऱ्हाइकाच्या घरी तीन जिने चढून गेली. त्या गृहस्थाला ती काय बोलली होती हेच आठवेना. ताई म्हणाली, "मला आठवतंय ना." आणि खाली आली.

आधी तिला माफी मागायला संध्याकाळ लागायची. मग तास पुरायला लागला. मग एक श्वास. आणि हळूहळू असे दिवस आले की मागायची वेळच येईना. काका शिट्टी वाजवत काम करू लागले. मी, जी या दुकानात चाळीस वर्षं मान खाली घालून वावरले, मी एके दिवशी म्हणाले, "ताई, हे ब्रेक तू उलटे बसवलेस." ती हसली, "बसवलेत खरे. बरं झालं बघितलंस." मी मागच्या खोलीत जाऊन उगाच टायर मोजत बसले, डोळे कोरडे होईपर्यंत.

पण ती रिम तिच्या घशात अडकून होती. मी एकदा म्हणाले, "सांगून टाक की पोरीला."

"बाकीच्यांना सांगते ते आजचं असतं गं," ती म्हणाली. "हे शिळं झालंय. कुठून धरायचं तेच कळत नाही."

गेल्या महिन्यात भिंगरी आली. दुसऱ्या शहरात तिला नोकरी लागली होती, सकाळी निघायचं होतं. आपली हत्यारं न्यायला आली होती. दुकानात गर्दी होती. टपालबाई आणि आणखी चारजण. पोरगी आईशी न बोलता माझ्याकडे आली. "मावशी, माझी पेटी कुठंय?"

ताई म्हणाली, "बस की बाळा जरा. उन्हातून आलीस. पाणी घे."

भिंगरी माझ्या कानाशी म्हणाली, "ही बरी आहे ना? डॉक्टरला दाखवलंत?"

"आम्हालाही आधी असंच वाटलं होतं," काका म्हणाले, आणि ती खुदकन हसली. तेवढ्या हसण्याने ताईचा चेहरा उजळला.

भिंगरीने पेटी उघडली. पाने घेतले, साखळीचं हत्यार घेतलं. स्पोकची चावी मात्र उचलून काकांपुढे धरली. "ही तुम्हाला ठेवा."

"अगं, ती तर रोज लागणार तुला."

"नाही लागत. मी गिअर करते, ब्रेक करते. चाक आलं की दुसऱ्याला देते." तिने खांदे उडवले. "नवीन जागीही आधीच सांगून ठेवलंय. चाकाचं काम माझ्या हाताला नाही. काही हात नसतातच तसे."

ती हे रडून बोलली असती तर बरं झालं असतं. उंची किती, चपलेचं माप किती, तशा सुरात बोलली.

मी ताईकडे पाहिलं. तिच्या पुढ्यात चाक फिरत होतं. तिने तळवा टेकवून ते थांबवलं. उठली. गिऱ्हाइकं तिथेच होती. मला वाटलं, आत बोलावेल लेकीला, चार भिंतींत बोलेल. ती नाही गेली आत. दोन वर्षांपूर्वी जिथे उभी राहून ओरडली होती तिथेच उभी राहिली, हात काळे, ओठ पांढरे, आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली,

"भिंगरे, तुझा हात चुकला नव्हता. रिम जोडापाशी वाकलेली होती. मला दुसऱ्याच दिवशी सकाळी कळलं होतं, आणि मी तुला सांगितलं नाही."