उजव्या हाताचं लिव्हर

दादाची सायकल तिसऱ्यांदा दुकानात आली तेव्हा धाकट्याचं डोकंच फिरलं. सायकलदुरुस्तीत त्याचा हात धरणारा आसपास कुणी नव्हता, आणि सख्ख्या भावाचंच काम सारखं परत यावं, म्हणजे नाक कापल्यासारखंच की!

रेसच्या सायकलीला ब्रेक आणि गिअर एकाच लिव्हरमध्ये असतात. पहिल्यांदा त्याने उजवं लिव्हर उघडून आतलं वाळून डिंक झालेलं ग्रीस धुऊन काढलं. दुसऱ्यांदा केबल बदलली. तरी दादाचं तुणतुणं एकच, "गिअर पडतच नाही रे. चढावर फजिती होते."

आज त्याने डोळ्यांत तेल घालून आतला एकेक दात तपासला. सगळं लख्ख. बोटाने दाबलं, टक्. पुन्हा दाबलं, टक्.

"दादा, तू दाबून बघ बरं."

दादाने बोट लावलं. लिव्हर अर्ध्यावर गेलं, थरथरलं आणि मागे आलं.

"बघ! म्हणत होतो ना?" दादा जिंकल्यासारखा हसला.

दाराशी उभ्या वहिनीने तोंड फिरवलं. यांच्या हातून हल्ली कप निसटतात, असं ती मागे म्हणाली होती, आणि धाकट्याने ते थट्टेवारी नेलं होतं. आता त्याने दादाच्या बोटांकडे पाहिलं. ब्रेकही याच हाताने दाबायचा, तोही उतारावर. सायकल परत देववत नव्हती. पण ज्याने मागे धावून धावून त्याला सायकल शिकवली, त्याचीच सायकल कोणत्या तोंडाने काढून घ्यायची?

"आतला पार्ट झिजलाय," तो म्हणाला. "हा आता मिळत नाही कुठे."

"थापा मारणं तुला लहानपणापासून जमत नाही." दादाने डावा हात आडवा नेला आणि तेच लिव्हर दाबलं.

टक्.

मग दादाने उजवा हात टेबलावर ठेवला, स्क्रूड्रायव्हर आणि तेलकट फडक्याच्या मधोमध.

"चल, आता हा उघड."

धाकट्याने तो हात दोन्ही हातांत घेतला. दादाच्या मनगटापर्यंत काळं ग्रीस लागलं. धाकट्याला रडू आवरेना.

"रडतोस काय वेड्यासारखा? मीपण घट्ट धरलंय तुला. कळतंय ना?"

धाकट्याच्या हातांना पकड कळतच नव्हती.

"हो," तो म्हणाला, आणि ही थाप मात्र दादाने चालवून घेतली.