हुप्प्याचं तेरावं आणि मी

मी पाइप बोलतोय. प्लास्टिकचा, हातभर लांब, मुक्काम वालावल. हसू नका. माझे सख्खे भाऊ काशीबाईच्या नव्या संडासाला लागले. मी उरलो, म्हणून बंदूक झालो.

बंदूक म्हणजे नुसती बोंब. पोटात गॅस, मागे लायटर, दाबला की धडाम्. गोळी नाही, छर्रा नाही. पण माडावरचे वांदर पळतात. काशीबाई एकटी बाई, चार माडांवर तिचं पोट. वांदर कोवळे नारळ उगाच तोडून खाली टाकायचे. मी आलो आणि नारळ वाचले. शेजारचा बाबलीही मला मागून न्यायचा. दसऱ्याला त्याने कोयत्याशेजारी ठेवून मला फूल वाहिलं. वांदरांना तो ज्या शिव्या द्यायचा, त्या सांगत नाही. पाइपालाही लाज असते.

मग एका दुपारी काशीबाईने बार काढला. बाबलीच्या माडावरचा थोरला हुप्प्या दचकून उडाला आणि विजेच्या तारेला चिकटला. खाली आला तो मेलेलाच.

आणि मेल्याबरोबर देव झाला. सकाळी चोर, दुपारी मारुती. बाबलीने हार आणला, गुलाल आणला, तिरडी बांधली, भजन लावलं आणि सगळ्यांत मोठ्याने तोच रडला. आता देव झाला म्हटल्यावर पापी नको? तो मी.

बाबली चार माणसं घेऊन काशीबाईच्या खळ्यात, दारापुढच्या अंगणात आला. "काकी, देवाचो जीव गेलो. ह्यो पाइप ठेवचो नाय."

"रे बाबली, काल तुझ्या माडार चढललो, तेव्हा तो तुका देव दिसाक नाय?"

ठरलं असं, की तेराव्याचं जेवण झालं की मला मारुतीपुढे फोडायचं. नाहीतर देवाची पालखी काशीबाईच्या दारात थांबणार नाही. ते काही तिला सोसणारं नव्हतं. ती कबूल झाली, आणि घरी येऊन मला म्हणाली, तुझ्यामागून माझे नारळही गेले.

तेरावं आलं. देवळापुढे मांडव, हुप्प्याच्या फोटोला हार. वडे, काळ्या वाटाण्यांचं सांबारं, खीर. पानं वाढून झाली आणि कौलांवरून वांदर उतरले. अख्खा कळप. एकाने वड्यांची टोपली पळवली. एका मादीने पोर पोटाशी धरून सरळ खिरीत हात घातला.

फोडायला म्हणून मी तिथेच होतो, काशीबाईच्या मांडीवर. बाबली धावत आला. "काकी, मेल्यांनी जेवान बाटवल्यानी. पाइप दी बेगीन."

काशीबाई जागची हलली नाही. "घरचीच माणसा ती. तेराव्याक त्यांनी येवक नको?"

बाबलीने मला हिसकावलं आणि देवाच्या फोटोवरूनच बार काढला. फोटो आडवा झाला. वांदर पळाले. माणसं जेवायला बसली.

मला फोडायची गोष्ट मग कुणी काढलीच नाही. उलट बाबली म्हणायला लागला, पाइप देवळातच राहू दे, प्रसादाच्या राखणीला. काशीबाईने साफ सांगितलं, शनिवारी देवळात, बाकी दिवस माझ्या माडाखाली, आणि पालखी माझ्या दारात. सगळे हो म्हणाले. तोंडात वडे होते.

तेव्हापासून शनिवारी मी मारुतीशेजारी खुंटीला असतो. लोक येतात, तेल वाहतात आणि त्यालाच सांगतात, वांदरांपासून राख रे महाराजा.

पण वांदरांनो, तुम्हांला सांगतो. येत राहा. तुम्ही वाईट आहात तोवरच मी चांगला. फक्त तारेला जपा. तुम्ही देव झालात की मी मेलो.