हेड फुटलं नव्हतं

मित्रांनो, मालवणहून कसालकडे जाताना गुरुदासची भातगिरणी लागते. तिच्या मागे फणसाच्या झाडाखाली जो ट्रक उभा आहे, तोच मी. आता मी फार जुना झालो आहे. माझी चाकं काढून नेली, त्यालाही बरीच वर्षं झाली. चार चिऱ्यांवर माझं अंग टेकलेलं आहे आणि सीटवर कोंबड्या अंडी घालतात. तुम्ही शाळेतून येताना माझ्या टपावर चढता, स्टिअरिंग फिरवता, तोंडाने भोंगा वाजवता. मला ते आवडतं. पण आज तुम्हांला माझी नव्हे, माझ्या पहिल्या मालकाची गोष्ट सांगायची आहे. त्याच्याशिवाय माझं आयुष्य सांगून होणार नाही.

माझा जन्म समुद्रापलीकडे, लढाईच्या दिवसांत झाला. मला हिरवा रंग दिला, बोटीत घातलं, मुंबईच्या बंदरात उतरवलं आणि तेवढ्यात लढाई संपली. पुढे पुण्याला लष्कराच्या लिलावात माझ्यासारखे कितीतरी ट्रक ओळीने उभे होते. गंगाराम तिथे आला. तो लष्करातूनच ड्रायव्हर म्हणून सुटला होता. त्याने बोनेट उघडलं, आत वाकून वास घेतला, टायरवर थापट मारली आणि मलाच निवडलं. का निवडलं, हे मला कधी कळलं नाही.

त्याचं घर कट्टा गावाच्या अलीकडे एका वाडीत होतं. मी पहिल्यांदा घरापुढच्या खळ्यात शिरलो तेव्हा त्याची बायको रुक्मिणी तांब्याभर पाणी घेऊन बाहेर आली. तिने माझ्या पुढच्या चाकांवर पाणी ओतलं, नारळ फोडला.

"कशी दिसता गो?" गंगारामने विचारलं.

"थोराड आसा," ती म्हणाली. "पण चेरो बरो आसा."

माझ्या तोंडाला चेहरा म्हणणारी ती पहिलीच. त्यानंतर रोज सकाळी ती माझ्या बोनेटवर एक जासवंद ठेवायची.

आम्ही दहा वर्षं काम केलं. वैशाखात हापूसच्या पेट्या घेऊन फोंडाघाट चढून कोल्हापूरला जायचं, येताना गुळाच्या ढेपा आणायच्या. एरवी चिरे, कौलं, सुकी मासळी. लग्नसराईत माझ्यावर केळीचे खांब बांधायचे आणि आख्खी वरात माझ्या पाठीवर गात जायची. लोक म्हणायचे, गंगारामची गाडी म्हणजे घड्याळ. ते ऐकून गंगाराम खिशातल्या फडक्याने माझी काच पुसायचा. तो मला कधी ओव्हरलोड करत नसे. चढावर मी दमलो की थांबायचा, बिडी ओढायचा, मग म्हणायचा, "चल बाबा, जावया फुडे."

रुक्मिणी बाजाराला निघाली की त्याच्या शेजारी बसायची. मागे त्यांची मुलगी सुगंधा, नारळांच्या पोत्यांवर. माझ्या आयुष्यातले ते सगळ्यांत बरे दिवस.

एका वर्षी आंब्याच्या हंगामात माझी चाल थोडी बिघडली. रस्त्यावर मी ठीक चालत होतो. पण उभा राहिलो, पाय अॅक्सिलरेटरवरून निघाला, की इंजिन अडखळायचं. धड् धड् धड्, मध्येच एक ठोका हुकल्यासारखा, मग पुन्हा. सगळं अंग थरथरायचं. पहिल्यांदा ते रुक्मिणीच्याच लक्षात आलं.

"अवो, ही उभी ऱ्हवली की थरथरता. माझी कांकणा वाजतत बघा."

"चलता मां बरी?" गंगाराम म्हणाला. "आंबे संपान देत, मगे बघतंय."

दुखणं अगदी किरकोळ होतं. हवा आणि पेट्रोल मिसळणारा कार्बोरेटर ज्या नळीवर बसतो ती नळी इंजिनाला जिथे जोडलेली असते, तिथे मध्ये सांधा घट्ट ठेवणारं एक पातळ गॅस्केट असतं. ते एका कडेला जरासं फाटलं होतं. तिथून हवा आत शिरायची आणि माझा श्वास बिघडायचा, एवढंच. त्याने जीव जात नाही. मला ते सांगता आलं असतं तर बरं झालं असतं; पण मला थरथरण्यापलीकडे बोलता येत नाही.

मे महिना संपत आला होता. रुक्मिणीच्या पोटात दुखत होतं, ते तिने दोन दिवस कुणाला सांगितलं नाही. तिसऱ्या दिवशी दुपारी ती चुलीपुढेच बसली आणि तिला उठता येईना. गंगारामने तिला उचलून माझ्यात आणलं. सुगंधाने तिला मांडीवर टेकवून घेतलं. मालवणच्या दवाखान्यात पोहोचायचं होतं. मी जीव तोडून धावलो, मित्रांनो. तसा मी कोल्हापूरच्या वाटेवरही कधी धावलो नव्हतो.

अर्ध्या वाटेवरच्या चढणीला माझी पाण्याची रबरी नळी, म्हणजे होज, फुटली. वाफेचा लोट काचेवर आला. गंगाराम खाली उडी मारून उतरला. ती नळी त्याने शिमग्याच्या सुमारास नवीन घातली होती, स्वतःच्या हाताने. पण रबरच आतून सडकं निघालं. बाहेरून ते कुणाला दिसलं नसतं. त्याने पंचा फाडून नळी आवळून बांधली. सुगंधा डबा घेऊन खालच्या विहिरीकडे धावली. पण तापलेल्या इंजिनात गार पाणी एकदम ओतता येत नाही, इंजिन फुटतं. थांबावं लागतं. गंगाराम डबा हातात धरून उभा होता.

"घाई करू नका," रुक्मिणी आतून म्हणाली. "तिका थंड होवंदे."

आम्ही पोहोचलो. डॉक्टरांनी तपासलं, बराच वेळ आत होते, मग बाहेर आले. "जरा आधी आणलं असतं, तर काही करता आलं असतं," ते म्हणाले. त्यांनी ते रागाने म्हटलं नव्हतं. दिवेलागणीला रुक्मिणी गेली.

मालवणात कुणीतरी नळी बदलून दिली; घरी परतल्यावर गंगारामने मला माडाच्या झापांनी झाकलं. त्यानंतर त्याने माझ्याकडे पाहिलं नाही. पावसाळा गेला. माझ्या पायऱ्यांवर शेवाळ चढलं, पोटाखाली कुत्रीने पिल्लं घातली. त्याच पावसाळ्यात त्याला डोळ्यांनीही अंधुक दिसायला लागलं. शेवटी सुगंधा म्हणाली, "बाबा, गाडी इकून टाका. भायर पडलात की ती दिसता आणि तुमी परत आत जातास." तो हो म्हणाला.

दिवाळीनंतर मालवणचा गुरुदास मला बघायला आला. तरुण व्यापारी होता, वाईट माणूस नव्हता. त्याच्याबरोबर कुडाळचा मेस्त्री सत्यवान होता. हा हुशार माणूस. त्याने झापा काढल्या आणि आधी बोनेटवर तळहात ठेवला.

"चालू करून ठेवलास नाय मां? माका थंड इंजिन व्हया. गरम गाडी खोटा बोलता."

"बायल गेल्यापासून हात लावूक नाय," गंगाराम म्हणाला.

हँडल मारल्यावर तिसऱ्या फेरीला मी सुरू झालो आणि थरथरू लागलो. मडगार्ड वाजायला लागलं. सत्यवानने डोळे मिटून ऐकलं. मग लाकडी मुठीच्या पेचकसाने एकेका प्लगची वायर उचलून बघितली. प्रत्येक वायर उचलल्यावर माझा आवाज तेवढाच पडायचा; म्हणजे सगळे सिलिंडर काम करत होते. त्याने रेडिएटरचं झाकण काढलं. पाणी शांत होतं, एक बुडबुडा नव्हता. तेलाची पट्टी ओढून बघितली, तेलात पाण्याचा अंश नव्हता. मग त्याने तेलाची कुपी घेतली आणि गॅस्केटच्या फटीवर दोन थेंब सोडले. ते थेंब मी आत ओढून घेतले, आणि जरा वेळ, अगदी जरा वेळ, माझा आवाज पूर्वीसारखा एकसारखा झाला.

माझं दुखणं सापडलं होतं. मला इतका आनंद झाला म्हणून सांगू. आता हा माणूस सांगेल, मग गंगाराम तो जोड उघडेल, नवीन गॅस्केट घालेल आणि कदाचित मला विकणारही नाही, असं माझ्या मनात आलं.

सत्यवानने कुपी खिशात घातली आणि गुरुदासकडे बघितलं. येताना गुरुदासने त्याला सांगून ठेवलं होतं, हे मला पुढे समजलं: गाडी बरी असली तरी कायतरी खोट काढ.

"हेड गेला दादानू," सत्यवान म्हणाला. हेड म्हणजे इंजिनाच्या माथ्यावरचं जड लोखंडी झाकण; ते तडकलं की गाडीची किंमतच उतरते.

गंगाराम माझ्या मडगार्डवर हात ठेवून उभा होता. "कधी गेला आसात?"

"ह्या काय एका दिवसात होणा नाय. धा-बारा म्हयने झाले असतीत. आधीच तडकलेला. तुमी तसाच चालवत ऱ्हवलात."

"मे म्हयन्यात होज फुटली," गंगाराम सावकाश म्हणाला. "नवी होती."

"फुटतलीच. तडकलेल्या हेडातसून दाब पाण्यात शिरता. नवी घाला नायतर जुनी, वाटेत खंय तरी दगो देतलीच."

होज फुटली तेव्हा गाडीत कोण होतं, हे सत्यवानला माहीत नव्हतं. गुरुदासला एवढंच ठाऊक होतं, की ह्याची बायको आजारात गेली. गंगाराम माझ्या पायरीवर बसला. त्याचा हात माझ्या अंगावरून निसटला.

"ती माका सांगी होती," तो म्हणाला. "थरथरता म्हणान."

त्यांना वाटलं, म्हातारा गाडीबद्दल बोलतोय. मी सुरूच होतो. मी थरथरत होतो, मडगार्ड वाजवत होतो, पाणी शांत ठेवत होतो. काही उपयोग झाला नाही. गुरुदास घासाघीस करायच्या तयारीने आला होता. पण गंगाराम उठला आणि "न्या," एवढंच म्हणाला. आकडादेखील त्याने विचारला नाही.

कुडाळला सत्यवानने तो जोड उघडला, जुनं गॅस्केट खरवडून काढलं, नवीन कापून बसवलं. दुपारपर्यंत मी असा चालू लागलो, की बोनेटवर पाण्याने भरलेला पेला ठेवला तरी हिंदकळला नसता. गुरुदासने मला निळा रंग दिला. मी पुन्हा मासळी वाहिली, कौलं वाहिली. लोकांनी पुन्हा माझी तारीफ केली. ती ऐकून मला बरं वाटत नव्हतं.

पुढच्या उन्हाळ्यात सुगंधा कोकमं घेऊन मालवणच्या बाजारात आली. मी बंदराच्या वाटेवर उभा होतो, इंजिन सुरू होतं, आणि सत्यवान माझा पंख्याचा पट्टा बघत होता. रंग बदलला तरी तिने मला ओळखलं. जवळ येऊन ती थोडा वेळ ऐकत राहिली.

"हेड नवीन घातलास?"

"कसला हेड गो? गॅस्केट फाटलेला, दुसरा काय नाय," सत्यवान हसत म्हणाला. मग ती कोण, हे त्याच्या लक्षात आलं आणि तो हसायचा थांबला.

सुगंधा ओरडली नाही. टोपली खाली ठेवून ती म्हणाली, "आये गाडीत होती, होज फुटली तेव्हा. तुमी सांगलात, हेड आधीच फुटलेला. त्या दिसापासून बाबा म्हणतत, मीच तिका मारलंय. जेवान समोर घेवन बसतत आणि उठान जातत."

सत्यवानने पाना खाली ठेवला आणि गुरुदासला बोलावून आणलं. त्याच दिवशी गुरुदास आणि तो मला घेऊन गंगारामच्या खळ्यात गेले. सुगंधा मध्ये बसली होती. गंगाराम ओटीवर होता. इतका वाळला होता, की मी त्याला ओळखलं ते फक्त त्याच्या खांद्यावरच्या फडक्यावरून.

"दादानू," सत्यवान हात जोडून म्हणाला, "मी खोटा बोललंय. हेडाक काय्येक झाला नव्हता. एक गॅस्केट फाटलेला. त्याचो आणि होजीचो संबंध नाय. तुमची कायच चूक नाय."

गंगारामने विचारलं, "सुगंधान सांगल्यान मां तुमका ह्या सांगूक?"

"रामेश्वराची आण घेवन सांगतंय."

"माझ्यासाठी देवाची आण घेव नको रे." तो काठी टेकत माझ्याजवळ आला, कान देऊन ऐकू लागला. मी त्याच्यासाठी जितकं शांत चालता येईल तितकं चाललो. "बरी चलता. नवीन हेड बसयलात, बरा केलात."

"नाय ओ, तोच हेड आसा."

"त्या दिसा तू माका कित्याक खोटा सांगशीत? तुझी-माझी वळख नाय, दुश्मनी नाय. आज मात्र माझी दशा बघतंस आणि सांगतंस."

"भावासाठी," गुरुदास मान खाली घालून म्हणाला. "भाव पडाचो म्हणान."

"मी भाव खंय केलंय?" गंगाराम म्हणाला. त्याच्या आवाजात राग नव्हता. "तुमी बरी माणसा आसात. बसा. सुगंधा, च्या ठेव."

सत्यवानने बोनेट उघडून त्याला हेड दाखवलं. पण त्या डोळ्यांना आता ते दिसत नव्हतं. त्याचा हात धरून हेडवर ठेवला. हात पोळला, तरी गंगारामने तो लगेच काढला नाही. सत्यवान ओटीच्या कोपऱ्यावर बसून रडला. गंगारामनेच त्याच्या पाठीवरून हात फिरवला.

त्यानंतर गुरुदास त्या वाटेने जाताना मला खळ्यात थांबवायचा. गंगाराम घरातून कळशी घेऊन चाचपडत यायचा आणि माझ्या रेडिएटरमध्ये पाणी ओतायचा. रेडिएटर भरलेलाच असायचा. पाणी बाहेर सांडायचं, त्याच्या पायांवरून वाहायचं, तरी कळशी रिकामी होईपर्यंत तो ओतत राहायचा. आम्हांला कुणालाच त्याला थांबवता आलं नाही. दोन उन्हाळे असे गेले. तिसऱ्या उन्हाळ्यात कळशी घेऊन सुगंधा बाहेर आली. तेव्हा आम्हांला कळलं.

सत्यवान अजून जुन्या गाड्या बघून देतो. पण बोनेट उघडायच्या आधी तो विकणाऱ्याजवळ बसतो आणि विचारतो, गाडी का विकताय? उत्तर पुरं ऐकल्यावरच पेचकसाला हात घालतो.

मित्रांनो, तुम्ही मोठे व्हाल, एखादी जुनी गाडी घ्यायला जाल. थंड इंजिन सुरू करा, नीट ऐका, वायरी उचलून बघा, पाणी बघा, तेल बघा. जे सापडेल तेच मालकाला सांगा, आणि काही सापडलं नाही तर तेही सांगा. आम्ही मुकी यंत्रं आहोत. आम्हांला खोटं बोलता येत नाही, आणि कुणी आमच्या नावावर बोललं तर ते खोडताही येत नाही. म्हणून आमच्या नावावर तुम्ही कधी खोटं बोलू नका.